लेखकाच्या घरी वाचलेली परीक्षणे

वाकुडकर गुरुजींची आणि माझी पहिली भेट माझ्यासाठी काही सुखाची नव्हती. मी आलापल्लीला जंगल खात्यात कारकून होतो आणि तिथल्या भटकंतीवर माझे पहिलेच पुस्तक निघाले होते. एका रविवारी आरमोरीचे हे शाळामास्तर मोटारीची धूळ अंगावर घेऊन दारात उभे राहिले. म्हणाले, "तुमच्या पुस्तकावर लिवलं हाये. छापाच्या आधी तुमाले वाचून दाखवतो." मी खूश होऊन चहा टाकायला सांगितला. गुरुजी वाचू लागले आणि माझा चहा कपातच निवला. "पुस्तकात सागवान लय हाये भाऊ, पन माणूस कुठीच दिसून नाई राह्यला," असे तोंडावर सांगून ते आमच्याकडे पोटभर जेवले. 

ही त्यांची रीतच होती. चांद्याच्या एका साप्ताहिकात ते नव्या पुस्तकांवर लिहीत. कादंबरी असो, प्रवासवर्णन असो की धानशेतीवरचे पुस्तक, शेवटचे पान वाचल्याशिवाय लेखणी उचलायची नाही. आणि लेखक जिल्ह्यातला असेल तर टीका आधी त्याच्या घरी जाऊन त्यालाच ऐकवायची. "पाठीमागून मारणं आपल्याले जमत नाई," म्हणायचे. लेखकाने चूक दाखवली तर तिथेच बसून खोडायचे. माझ्याही एका हरकतीवर त्यांनी दोन वाक्ये काढली होती. पुढे माझ्या दुसऱ्या पुस्तकाचे हस्तलिखित त्यांनी अंगात ताप असताना वाचून काढले.

हीच रीत त्यांना भोवली. साप्ताहिकाच्या मालकांनी आपल्या दिवंगत वडिलांचे चरित्र लिहिले. गावात जो तो वाहवा करत होता. त्यांतल्या कितींनी ते उघडले होते, देव जाणे. गुरुजी मला बरोबर घेऊन मालकांच्या बैठकीत गेले आणि वाचून दाखवले: या चरित्रातले वडील कधी चुकत नाहीत, कधी चिडत नाहीत, मुलाने त्यांना नीट पाहिलेच नसावे.

मालकांचा चेहरा उतरला. "गुरुजी, माह्या बापाबद्दल असं लिवता?"

"बापाबद्दल नाई भाऊ, पुस्तकाबद्दल."

मालकांनी हसून पानाचे तबक पुढे केले. पुढच्या अंकापासून जागेअभावी गुरुजींचे सदर बंद झाले, आणि त्या जागेवर केसांच्या तेलाची जाहिरात आली. जिल्ह्यातल्या लेखकांनी हूं की चूं केले नाही. बरेच जण तर सुटलो म्हणाले. मी मालकांना भेटायला गेलो आणि तेलाचे गुण ऐकून परतलो.

आज तेच मालक गुरुजींच्या गौरव समितीचे अध्यक्ष आहेत. समिती काढत असलेल्या या गौरवग्रंथात गुरुजींच्या शिस्तीवर, साधेपणावर, खादीवर लेख आहेत. परीक्षणांवर एकही नाही. मला 'गोड आठवणी' लिहायला सांगितले होते. मला ते जमले नाही, कारण मला संताप येतो. सदर गेल्यापासून प्रकाशक गुरुजींना पुस्तके धाडत नाहीत. लिहिणाऱ्या माणसाला आपण रिकामे बसवले आणि आता त्याला शाल पांघरतो आहोत. समारंभाचे सांगायला गेलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "शाल कायले? लिवलेलं कोणी छापते का, ते सांगा."

गुरुजींना उदंड आयुष्य लाभो, डोळे शाबूत राहोत. हा ग्रंथही नवे पुस्तकच आहे. गुरुजी तो शेवटच्या पानापर्यंत वाचतील आणि त्यावर लिहितीलही, याची मला खात्री आहे. ते लिखाण छापण्याची हिंमत या जिल्ह्यात कुणाला होईल, तोवर तरी ते जगोत.