वाघदेवाचं काडतूस

रेवजीला राग येत नाही, हे कळसाडीच्या पलीकडच्या त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बैलाने पाय तुडवला तरी तो बैलाचीच पाठ थोपटायचा. गावाच्या टोकाला भिल्लांची वस्ती, भिलाटी, तिथे त्याचं खोपट. गावाच्या मध्यभागी हिंमतराव पाटलांची माडी, तिथे त्याची चाकरी. पाटील शिकारीला निघाले की भरलेली बंदूक घेऊन त्यांच्या मागे चालायचं. त्याच्या बापानेही जन्मभर तेच केलं. बापाच्या वेळी चाप ओढला की वरून घोडा आपटणारी एकनळी बंदूक होती. दुसरी मोठी लढाई संपली त्या साली पाटलांनी नाशिककडच्या कुणा ठेकेदाराकडून अमेरिकन पलटणीची रायफल आणली. ती कुठल्या वाटेने आली हे विचारायची कुणाची छाती नव्हती, कारण गावचे पोलीस पाटीलही हिंमतरावच.

रायफल मोठी गुणाची होती. खाली काडतुसांची पेटी अडकवायची, बाजूचा दट्ट्या मागे ओढून सोडायचा, की पहिलं काडतूस खटकन नळीत. पुढे नुसता चाप ओढत राहायचं, बाकीची काडतुसं आपली आपण भरली जातात. रेवजीचा तिच्यावर जीव जडला. बायको वारल्यापासून एवढ्या मायेने त्याने कशालाच हात लावला नव्हता.

भिलाटीची एक जुनी रीत होती. रानातून जाता-येता बंदुकीत असेल ते काडतूस वाघदेवाचं. ते कुणावर झाडायचं नाही. मचाणापाशी पोचलं की काढून घ्यायचं, शिकारीचं भरायचं, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा वाघदेवाचंच. रेवजीने ही रीत नव्या रायफलीला जशीच्या तशी लावली. एका काडतुसाला शेंदूर फासला, शिवेवरच्या वाघदेवाच्या लाकडी खांबाला टेकवलं, आणि प्रत्येक फेरीला तेच एक नळीत चढवायचं, उतरवायचं, कमरेच्या पिशवीत ठेवायचं. पाटील हसायचे, पण अडवायचे नाहीत. वाघाची धास्ती त्यांनाही होतीच.

पहिल्याच हिवाळ्यात रेवजीचा थोरला भाऊ चैत्या मेला. हाकाऱ्यात डुकराच्या मागे धावत होता, पाटलांनी झाडीत हललं तिकडे गोळी घातली, ती चैत्याच्या पोटात बसली. कागदोपत्री त्याला डुकराने फाडला. पाटलांनी विधवेला, ठुमलीला, एक लुगडं धाडलं. तिने ते अंगाला लावलं नाही; बकऱ्यांच्या छपराला आडोसा म्हणून टांगलं.

भिलाटीचे डोळे रेवजीकडे लागले. रोज पाटलांची उघडी पाठ याच्यापुढे, याच्या हातात भरलेली रायफल, आणखी काय हवं? आणि हा बाबा भावाचं दिवसपाणी उरकून पुन्हा रायफल पुसायला माडीवर हजर! रडला तो पुष्कळ, पण सूड म्हणून काही असतं हे त्याच्या डोक्यातच शिरलं नाही. ठुमलीने त्याच्याशी बोलणं टाकलं. वाटेत दिसला की ती जमिनीवर थुंकायची, आणि ते त्याला भावाच्या मरणाइतकंच लागायचं.

दुसऱ्या वर्षी होळीच्या सुमाराला मचाणाखाली ते शेंदरी काडतूस रेवजीच्या हातून निसटलं आणि घरंगळत पाटलांच्या पायाशी गेलं. पाटलांनी उचललं. बुडाच्या टोपीवर, जिथे ठोका बसला की काडतूस फुटतं तिथे, नजर गेली आणि त्यांचा चेहरा पालटला. टोपीच्या मधोमध चांगला खळगा पडला होता.

"रेवज्या, हाऊ खड्डा कसाना शे?"

"माहीत नही, मालक."

"चाप दाबाशिवाय टोपीले खड्डा पडस का?"

रेवजीने विचार केला. बापाच्या बंदुकीत घोडा पडल्याशिवाय टोपीला ओरखडाही उठत नसे. खोटं बोलायची सवय नव्हती. "नही पडस, मालक."

"वाटवर बंदूक कोन्हा हातमा ऱ्हास?"

"मन्हा."

"आनि मन्ही पाठ कोन्हा म्होरे ऱ्हास?"

"मन्हाच म्होरे." आता कुठे त्याच्या ध्यानात आलं. "मी नही दाबा, मालक! वाघदेवनी आन, मी नही दाबा!"

"वाघदेवनीच वाचाडं माले," पाटील म्हणाले. "काडतूस फुटनं नही."

त्यांच्या मते सगळं लख्ख होतं. भाऊ मेला, याने चाप ओढला, काडतूस फुसकं निघालं. दुसऱ्या दिवशी सगळ्या भिलाटीला खळ्यात बोलावून बसवलं. पाटलांनी आवाजही चढवला नाही. "जीव नही लेत मी तुन्हा. बोट दे," एवढंच म्हणाले. दोघांनी रेवजीचा उजवा हात कडबा तोडायच्या ओंडक्यावर धरला आणि मुकादमाने उसाच्या कोयत्याने चाप ओढायचं पहिलं बोट मुळापासून उडवलं. शेवटपर्यंत तो "मी नही दाबा" हेच ओरडत होता. बोट तिथेच पडलं, कोंबड्या हाकलायचंही कुणाला सुचलं नाही.

त्या संध्याकाळी ठुमली त्याच्या खोपटात आली. गरम तेलात हळद कालवून तिने जखमेत भरली, चिंधी बांधली.

"दाबा व्हता तू," ती म्हणाली. "काडतूसनी दगा दिधा, तू नही."

त्याने तोंड उघडलं. खरं तेच सांगणार होता. पण ती त्याच्यापुढे भाकरी मोडत होती, आणि तिच्या हातची भाकरी त्याने दीड वर्षात पाहिली नव्हती. तो खाली मान घालून जेवला.

मग काय विचारता! कालपर्यंत ज्याला पाहून माणसं तोंड फिरवायची, त्याला पारावर जागा मिळू लागली. लग्नात मोहाच्या दारूचा पहिला द्रोण त्याच्या हातात. डोंगरातले नातलग मुद्दाम तो हात बघायला उतरायचे आणि बघून कपाळाला लावायचे. माडीवरची चाकरी सुटली होती, डाव्या हाताने गवत कापून तो कसंबसं पोट भरत होता, पण आयुष्यात पहिल्यांदा तो कुणीतरी होता. आधी तो गप्प राहायचा. नंतर कुणी विचारलं की "हो" म्हणू लागला. हळूहळू त्याला तो चाप आठवायलाही लागला, बोटाखालचा त्याचा गारवा, पुढे पाटलांची पाठ. बोट गेल्याचं दुःख त्याने गिळलं होतं. हे मात्र कुणी आता हिरावून घेऊ नये, एवढंच त्याला हवं होतं.

दिवाळीत पाटलांकडे इंद्रसिंग आला. गिरासे घराण्यातला, लढाईवरून जमादार होऊन परतलेला, आणि आपण पलटणीत काय काय केलं हे जगाला सांगितल्याशिवाय ज्याला जेवण जात नाही असा. जेवणं झाल्यावर ओसरीवर पाटलांनी आपण कसे वाचलो ती हकीकत रंगवून सांगितली आणि जपून ठेवलेलं शेंदरी काडतूस दाखवलं. अंगणात भिलाटीतली माणसं गवताचे भारे घेऊन आली होती. रेवजी होता, ठुमलीही होती.

इंद्रसिंगाने खळगा पाहिला आणि मांडीवर थाप मारली. "भाऊसाहेब, चापना काहीच संबंध नही! ह्या रायफलनी सुई मोकळी ऱ्हास. तिले स्प्रिंग नही. दट्ट्या पुढे आदळना की सुई सटकस आनि टोपीले टोच मारस. दरवखत!"

लागलीच त्याने रायफल मागवली. नळी आभाळाकडे धरली, कोरं काडतूस भरलं, चापाला हात न लावता बाहेर काढलं. टोपीवर सुईच्या टोकाएवढा ठिपका. तेच पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. ठिपका खोल झाला. "हाई एकच काडतूस दोन वरीस चढाडं-उताराडं, मंग खड्डा पडावच ना!"

पाटलांनी ती टोपी निरखून पाहिली. दुसरा कुणी असता तर शरमेने त्याची मान खाली गेली असती. ते हसू लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"रेवज्या, तू तं गाय निघना रे! फुकटमा गयं ना तुन्हं बोट!"

पाटील हसले म्हणून अंगण हसलं. भिलाटीतलेही हसले. ठुमली हसली नाही. ती रेवजीकडे बघत होती, वाट बघितल्यासारखी.

"मी दाबा व्हता, मालक," रेवजी म्हणाला.

"काय?"

"चाप. चैत्यानाकरता दाबा व्हता मी. वाघदेवनी आन!" तो ओरडला. खळ्यात ओरडला होता तसाच, त्याच आवाजात. देवाची खोटी शपथ त्याने जन्मात पहिल्यांदा घेतली. तेव्हा खऱ्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता, आता खोट्यावरही ठेवीना. हसण्याचा नुसता कल्लोळ झाला.

पाटील ओसरीवरून उतरले. पेटी लावली, दट्ट्या ओढून सोडला आणि भरलेली रायफल त्याच्या हातात कोंबली. छाती त्याच्यापुढे करून म्हणाले, "ले. दाब आते."

हसणं थांबलं. रेवजीला मधलं बोट होतं, डाव्या हाताची पाचही होती. डोक्यावरचा भारा न उतरवता ठुमली त्याच्या बोटांकडे बघत होती. रायफल किती दिवसांनी त्याच्या हातात आली होती! कुणी तिला नीट तेल दिलं नव्हतं, नळीवर पाटलांच्या हातांचे चिकट डाग पडले होते. त्याने गळ्यातलं फडकं सोडलं आणि ते डाग पुसायला लागला.

ठुमलीने भारा तिथेच टाकला आणि ती निघून गेली.

"उद्यापासून ये कामले," पाटील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाटील रानात निघाले. मागे रेवजी, हातात भरलेली रायफल. मचाणापर्यंत पाटलांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.