पारोशी जमीन

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात घोडेगावच्या भागात माणसं प्यायच्या पाण्याला महाग झाली होती, तरी रंगुबाईची भांडी लखलखीत असायची. राखेनं घासायची, कोरड्या फडक्यानं पुसायची. आलागेला काय म्हणेल, ही धास्ती तिच्या हाडीमाशी भिनलेली.

नगरहून जीपमधून येणारे आमोस सर शेतकीचे शिक्षक. आकाशात फिरणारा उपग्रह जमिनीचा ताप आणि ओल टिपतो. तो सांगतो ते खरं का, हे ते खाली मोजून पाहत. रंगुबाईच्या पडीक रानात त्यांनी चार खुंट्या ठोकून चौकोन आखला, मातीत तापमापक रोवला आणि राखणीला तिलाच रोजानं ठेवलं.

"आत कुणी पाय घालायचा नाही," एवढंच ते बोलले. वरून फोटो निघणार, हे तिला जीपच्या ड्रायव्हरनं सांगितलं.

फोटो म्हटल्यावर तिला सासू आठवली. धाकट्या दिराच्या लग्नात फोटोवाला आला, तेव्हा सासूनं तिला नवं लुगडं नेसवून उभं केलं होतं. आणि आपली जमीन जगापुढं पारोशी जाणार?

दुसऱ्या दिवसापासून ती घरच्यांच्या आंघोळीचं पाणी परातीत धरू लागली. बैल छावणीवर, म्हणून शेण मागून आणायची. पहाटे कडेला वाकून चौकोनावर सडा टाकायची. पाय मात्र आत घातला नाही.

सर दुपारी येत, माती उकरून डब्यात नेत, भट्टीत वाळवून तोलत. एके दुपारी ते जीपमधून उडी मारूनच उतरले.

"रंगुबाई, सगळा तालुका भाजलाय आणि तुमच्याच रानात ओल! खाली झरा असणार. सरकारला कळवायला हवं."

ड्रायव्हर हसला. "ओल हाय म्हटल्यावर दुष्काळ कसला? खडीची कामं बंद!"

रंगुबाई सरांच्या आडवी आली. नवरा दुष्काळी कामावर खडी फोडत होता. सगळं गाव फोडत होतं.

"सायेब, झरा न्हाई. मी सडा घालते."

"काय घालता?"

"सडा. फोटूत जमीन पारोशी दिसू नये म्हून."

सर खाली वाकून माती निरखू लागले. गडबड ऐकून शेजारच्या रानातून तिची धाकटी जाऊ लंकाबाई आली होती. तिनं तोंडाला पदर लावला.

"आक्का, रांगोळी तेवढी ऱ्हायली!"

"घातली असती. पर आत पाय घालायचा न्हवता," रंगुबाई म्हणाली आणि सरांकडे वळली. "गावाचं काम जाईल का हो?"

"अहो, नाही जायचं. तुमचा चौकोन वरून दिसतच नाही. उपग्रहाच्या फोटोतला एक ठिपका म्हणजे इथून शिंगणापूर आणि त्याच्याही पलीकडचं रान!"

रंगुबाईला आधी हायसं वाटलं, मग धक्काच बसला. जो वरून दिसतच नाही, त्या चौकोनासाठी तिनं पोरांना एका परातीत उभं करून आंघोळी घातल्या होत्या.

"पण माझी मोजणी मातीत गेली," म्हणत सर खुंट्या उपटू लागले. "सडा न पडलेली जागा पाहिजे. राखणीला माणूसही दुसरं."

"मग माझ्या रानात या की," लंकाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मी दारात सुदिक सडा घालत न्हाई. इचारा आक्काला."

सरांनी विचारलं. खोटं बोलणं रंगुबाईला जमेना.

"न्हाई घालत," ती म्हणाली.

बांधापलीकडं खुंट्या ठोकल्याचा आवाज येऊ लागला. आळशी म्हणून सासूनं जिला जन्मभर बोल लावले, तिला बसल्या जागी रोज सुरू झाला होता.