हार दिसला की श्रद्धांजली

चाकणच्या आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप मी चालवतो. रविवारच्या मेळाव्याला कोण येणार, हे आठवडाभर विचारतोय. वाचतात सगळे, उत्तर कोणी देत नाही.

आज सकाळी गणिताच्या सरांचा फोटो टाकला. मागच्या मेळाव्यात सत्काराचा हार घातला होता, तेव्हाचा. खाली लिहिलं, "सर रविवारी येणार आहेत."

हार दिसला आणि लोक सुटलेच. भावपूर्ण श्रद्धांजली! "मोठा आधार गेला राव!" शिफ्टचं कारण सांगून एकाही मेळाव्याला न आलेल्या एकाने तर विचारलं, "अंत्यविधी किती वाजता? सुट्टी टाकून येतो."

खालची ओळ एकानेही वाचली नव्हती.

मी काही लिहायच्या आत सरांचाच मेसेज आला. हो, सर त्याच ग्रुपमध्ये आहेत. "मी ठणठणीत आहे रे बाळांनो. रविवारी कोण कोण भेटताय?"

पटापट श्रद्धांजल्या डिलीट झाल्या. सरांच्या प्रश्नाला मात्र संध्याकाळ झाली तरी उत्तर नाही.

सुट्टी टाकणाऱ्या भावा, तू हे वाचत असशीलच. रविवारी ये की. सर जिवंत असले तर चालत नाही का तुला?