सुटेबल नाही

"एकोडीत घर कोण्या बाजूले येते वो बाई?"

इंग्रजीच्या शिक्षिकेच्या मुलाखतीतला हा पहिला प्रश्न. भंडाऱ्यातली खाजगी शाळा. विचारणारे अध्यक्ष, धानगिरणीचे मालक. जागा राखीव होती, माझं गाव एकोडी आणि जात अर्जावर लिहिलेली होती. तरी त्यांना ती माझ्या तोंडून ऐकायची होती.

"शेवटाले," मी म्हणाले. "बौद्ध मोहल्ल्यात."

"जोरानं बोला. वर्गात कशा बोलाल?"

मुख्याध्यापक हसले.   नागपूरला एम.ए. करताना जाडजूड कादंबऱ्या वाचल्या होत्या. त्यातलं एक वाक्य वेळेवर धावून आलं नाही.

उतारा वाचायला दिला. वाचला. अर्थ विचारला. सांगितला. मुख्याध्यापकांना चूक सापडली नाही, म्हणून ते खिडकीबाहेर बघू लागले.

अध्यक्षांनी चहाची बशी बाजूला सारली. "हुशार आहा. पन सुटेबल नाही."

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. हा एक शब्द मात्र येत होता आणि तेवढ्यावर त्यांची संस्था चालत होती. मला तो तिसऱ्यांदा ऐकवला जात होता. दर उन्हाळ्यात सुटेबल कोणी मिळत नसे. मग त्या जागेवर अध्यक्षांचा पुतण्या तात्पुरता बसे. तो वर्गात इंग्रजी मराठीतून शिकवायचा.

मागच्या वर्षी बाहेर वऱ्हांड्यात थांबलेल्या बानं विचारलं होतं, "सुटेबल म्हंजे काय वो?"

मी म्हणाले होते, "लायक."

बा एस.टी.त सगळ्या रस्त्यानं खाली बघत बसला. त्यांचा निकाल मीच मराठीत करून माझ्या बापाला ऐकवला होता. शब्दकोशात तर साधं आहे. हवा धानाला सुटेबल असते, चप्पल पायाला. कशाला तरी, कोणाला तरी.

उठायचं, थँक्यू सर म्हणायचं, दार हळू लावायचं. दोन वर्षं तेच केलं होतं.

मी उठले नाही.

"कोणासाठी, सर?"

"म्हंजे?"

"सुटेबल नाही, ते मुलांसाठी की तुमच्यासाठी?" आवाज चिरकला. पण निघाला.

"बाई, बाहेर लोक थांबून राहिले."

"थांबू द्या. मी उत्तर ऐकून जाते."

अध्यक्षांनी घंटी दाबली. शिपाई दारात आला, त्यानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हाताला धरून काढतील, पोलीस बोलावतील, यंदाही वऱ्हांड्यात थांबलेल्या बाले काही बोलतील.  अध्यक्षांनी पुढचा अर्ज ओढून घेतला. मी उठले. थँक्यू म्हणाले नाही. दार उघडंच ठेवलं.

"लागली का वो?" बानं विचारलं.

"नाही."

"काहून?"

"त्यायले सांगता आलं नाही, बा."

पुढच्या उन्हाळ्यात जागा निघेल. मी अर्ज करीन. आवाज चिरकेल. चिरकू दे. त्याच खुर्चीत बसून तेच विचारीन. लायक हा शब्द मात्र त्यांच्या वतीनं माझ्या बापासमोर पुन्हा उच्चारणार नाही.