थांब्यावरचा तास

तुमच्या घरच्या पोराचं डोकं ज्याच्या पोरानं फोडलं, त्याच माणसाला तुम्ही खडू देऊन फळ्यासमोर उभं कराल का? लगेच मान डोलावू नका. पुस्तक हातात असताना सगळेच मोठ्या मनाचे असतात. डोक्यातून रक्त वाहणारं पोर मांडीवर घेऊन ऑटोत बसा, घाटंजीचा दवाखाना येईपर्यंत त्याच्या तोंडाकडे पाहत राहा, आणि मग उत्तर द्या.

जयाबाई अशी बसली होती. पोर तिच्या बहिणीचं, कपिल. बहीण गेली तेव्हापासून तिच्याच घरात वाढलेलं.

जयाबाई रुईखेडची लेडीज टेलर. घाटंजी तालुक्यातलं हे गाव मधोमध डांबरी रस्त्यानं चिरलेलं आहे. रस्त्याच्या एका अंगाला पाटीलपुरा, कापूस-तुरीवाल्या शेतकऱ्यांची वस्ती आणि हनुमानाचं मंदिर. दुसऱ्या अंगाला बुद्धपुरा आणि विहार. रस्त्यावर एसटीचा थांबा, आणि थांब्यासमोरच्या कोपऱ्यावर जयाबाईची मशीन. दोन्ही पुऱ्यांची ब्लाउजं तिच्याकडे. त्यामुळे कोणाच्या घरात काय शिजतंय ते तिला वासाआधी कळतं.

पण या गावाची एक गोष्ट होती, जी आजूबाजूच्या दहा गावांत नव्हती. दर रविवारी सकाळी पाटीलपुऱ्यातले पंजाबराव सर रस्ता ओलांडून विहारात यायचे आणि पोलीस भरतीच्या पोरापोरींना गणित शिकवायचे. त्याच वेळी बुद्धपुऱ्यातला धम्मदीप, एमए झालेला, कॉलेजात तासिकेवर राबणारा, मंदिराच्या सभामंडपात जाऊन पाटीलपुऱ्याच्या पोरांना इंग्रजी आणि सामान्य ज्ञान शिकवायचा. यात कोणाचा उदात्तपणा नव्हता. इकडे गणिताला माणूस नव्हता, तिकडे इंग्रजीला. जयाबाईनंच एकदा पंजाबरावांच्या बायकोचं, लीलाबाईचं, माप घेता घेता हा सौदा जुळवला होता. भरतीत दोन्ही पुऱ्यांची पोरं लागली आणि रविवारचा तास गावाची सवय झाला.

मग एप्रिलात जयंतीची मिरवणूक निघाली. शाळेसमोर डीजेच्या आवाजावरून शब्दाला शब्द झाला, आणि दगड आले. कपिलच्या डोक्यात बसलेला दगड पंजाबराव सरांच्या ऋतिकच्या हातून सुटला, हे चार जणांनी पाहिलं. टाके घालून झाल्यावर जयाबाईनं पोराला घरी नेलं नाही, सरळ ठाण्यात नेलं. केस टाकली. ऋतिकचं नाव तिनं स्वतः सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाटीलपुऱ्यानं जाहीर केलं की धम्मदीपनं मंदिराची पायरी चढायची नाही. तिसऱ्या दिवशी विहारात बैठक बसली. समितीचे अध्यक्ष बापूजी, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत जाणारा.

"त्याहिचा मास्तर आपल्या विहारात नाई, आपला माणूस त्याहिच्या मंदिरात नाई. बहिष्कार मंजे बहिष्कार!"

टाळ्या पडल्या. जयाबाई मागच्या भिंतीला टेकून ब्लाउजला हूक लावत होती. तिनं सुई न थांबवता विचारलं, "बापूजी, यानं त्याहिचं काय बंद होते?"

"मंजे?"

"मंजे नुकसान कोणाचं होते? इकडच्या पोट्ट्यायचं गणित बंद, तिकडच्या पोट्ट्यायचं इंग्रजी बंद. ज्यानं भांडण लावलं त्याचं काय बंद झालं?"

आता इथं कोणी म्हणेल, ही शिलाईवाली बाई भोळी, तिला काय कळतं बहिष्कारातलं. तर ऐका. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा स्टँडवरच्या हॉटेलात बुद्धपुऱ्याचे कप वेगळे खिळ्याला टांगलेले असायचे. दहावी बाहेरून केलेली ही नवी सून घरोघर फिरली आणि अख्ख्या पुऱ्याचा चहा तिनं बंद केला. मळणीवाले, वेचणीवाल्या, ट्रॅक्टरवरची पोरं, सगळे घरून चहा पिऊन निघू लागले. पावसाळा संपायच्या आत हॉटेलवाल्यानं खिळा उपटला. बहिष्कार काय चीज असते ते तिनं पुस्तकात वाचलेलं नव्हतं, केलेलं होतं.

"चहा बंद केला तवा हॉटेलवाल्याचा गल्ला बंद झाला," ती म्हणाली. "तास बंद करून कोणाचा गल्ला बंद होते ते सांगा ना मले."

धम्मदीप हळूच म्हणाला, "ताई, जगात मोठमोठे प्रोफेसर बी असंच करतात. ज्या देशाचं सरकार जुलूम करते, त्या देशाच्या विद्यापीठासंगं संबंध तोडतात. तिथं जात नाईत, त्याहिले बोलवत नाईत."

"मंग? जुलूम थांबला?"

"त्यावर भांडण आहे. काही म्हणतात, त्या सरकारले लाज वाटली, दबाव आला. काही म्हणतात, तिथं जे चार जण सरकारच्या इरोधात बोलत होते, तेच एकटे पडले."

"सगळ्यायसंगं तोडतात, का फक्त संस्थेसंगं?"

"त्यावर तर जास्तच भांडण आहे."

"मंजे शिकलेल्यायचं बी आपल्यासारखंच आहे," जयाबाई म्हणाली. लोक हसले. तिनं दोरा दातानं तोडला आणि उभी राहिली. "बहिष्कार टाकाच. मी पहिली. पण कशावर ते मी सांगतो. शाळेचा अध्यक्ष, तो पाटीलपुऱ्याचा ट्रॅक्टरवाला, दारोदार काय म्हणत फिरून राह्यला? 'यायले शिकवून फायदा काय, शिकले की ठाण्यात केसा करतात.' आता त्याचा दरवर्षीसारखा सत्कार आहे शाळेत. दरवर्षी स्टेजवर त्याच्या बाजूच्या खुर्चीवर कोण बसते, गावात भाईचारा आहे मनून दाखवाले?"

सगळ्यांनी बापूजींकडे पाहिलं. दरवर्षी ती खुर्ची बापूजींची. शाल, नारळ, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो.

"खडूवर बहिष्कार टाकला तुमी, बापूजी. खुर्ची तशीच ठेवली."

बापूजींचा चेहरा फाटक्या तिकिटासारखा झाला. मागून एक पोरगा ओरडला, "पाटलाची टेलर!" दुसरा म्हणाला, "लीलाबाईचे ब्लाउज बुडतीन ना तिचे!" जयाबाईनं वळून पाहिलंही नाही. बैठकीत तास बंद ठरला, खुर्चीचं मात्र काहीच ठरलं नाही. आपल्याकडे बैठका अशाच संपतात.

लीलाबाई मागच्या गल्लीनं आली, पदर कपाळावर ओढून. भाचीचं लग्न तोंडावर आलेलं, चार ब्लाउजं जयाबाईकडे अडकलेली.

"ऋतिक जेवत नाई वो," ती ब्लाउजाच्या घडीकडे पाहत म्हणाली. "अन् सर त्याच्यासंगं बोलत नाईत."

"कपिलले रात्री डोकं दुखते," जयाबाई म्हणाली. मग जयाबाईनं ब्लाउजं पिशवीत घातली. "चाल, मी बी येतो. पुढच्या रस्त्यानं."

पाटीलपुऱ्यात ती मधोमध चालत गेली, लीलाबाई मागोमाग. ओट्यावरची माणसं बोलता बोलता थांबली. पंजाबराव सर फाटकाच्या आत उभे होते, त्यांनी फाटक उघडलं नाही.

"केस वापस घ्यायले आल्या काय?"

"नाई."

"मंग कायले आल्या?"

"तुमाले तासाले बोलवाले."

सर हसले, पण त्या हसण्यात हसू नव्हतं. "माहं पोरगं ठाण्यात चकरा मारून राह्यलं, भरती गेली त्याची, अन् मी तुमच्या पोरायले शिकवू? लाज नाई वाटत बोलाले?"

"लाज मले कायची? दगड मी नाई मारला." जयाबाईचा आवाज चढला. "तुमचं पोरगं चुकलं, त्याची केस आहे. ते चालन. तुमी काय चुकले ते सांगा, तुमच्यावर बी टाकीन. काही चुकले नसान तर तास काहून बंद?"

"तुमच्याच लोकायनं बंद केला!"

"अन् तुमच्यायनं काय हार घातले धम्मदीपले?"

सर फाटकाची सळई घट्ट धरून उभे राहिले. "विहारात मले बंदी, मंदिरात त्याले बंदी. शिकवाचं कुठं, झाडावर?"

"थांब्यावर. थांबा एसटीचा आहे, कोणाच्या बापाचा नाई."

जयाबाई वळली, दोन पावलं गेली, आणि मग त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं लीलाबाईला म्हणाली, "राहू दे माय. काळ-काम-वेग अर्धं राह्यलं होतं, धम्मदीप म्हणे मीच पुरं करतो."

"धम्मदीप?" मागून सर कडाडले. "त्याले सोताले लसावि काढता येते काय?"

जयाबाई हसली नाही. हसली असती तर सर आले नसते.

पहिल्या रविवारी ते आले नाहीतच. थांब्यावर धम्मदीप आला, बुद्धपुऱ्याची मूठभर पोरं आली, पाटीलपुऱ्यातून एकच मुलगी आली, तीही गाडीची वाट पाहत असल्यासारखी पिशवी घेऊन. बापूजी विहाराच्या दारातून पाहत राहिले. समितीचा नियम विहाराच्या उंबरठ्याचा, मंदिराचा नियम पायरीचा. थांब्याबद्दल कोणीच काही ठरवलेलं नव्हतं. जयाबाई बाकाच्या टोकाला हूक लावत बसली. कोणी दमदाटी करायला आलंच तर आधी तिच्याशी गाठ होती.

पुढच्या रविवारी ऊन डांबरावर चढायच्या आधी पंजाबराव सर आले. मागे ऋतिक, मान खाली. सरांनी कोणाला नमस्कार केला नाही. खिशातून खडू काढला, थांब्याच्या मागच्या भिंतीवरची पानाची पिचकारी फडक्यानं पुसायचा प्रयत्न केला, जमेना, मग तिच्या बाजूला टाकी काढली. एक नळ टाकी भरतो, बुडाला गळती आहे, टाकी किती तासांत भरेल?

कपिलनं हात वर केला. डोक्यावर अजून पट्टी होती. त्यानं उत्तर सांगितलं.

"चूक," बाकाच्या दुसऱ्या टोकावरून ऋतिक म्हणाला, आणि म्हटल्यावर स्वतःच दचकला. "तू गळती वजा नाई केली."

"गळती तूच पाडली ना बे माह्या डोक्यात!"

सरांचा खडू भिंतीवर थांबला. जयाबाईची सुईही थांबली. मग पिशवीवाली मुलगी खुदकन हसली, आणि तिच्यामागे दोघं-तिघं.

"मी तुले नाई मारलता," ऋतिक म्हणाला. "डीजेच्या डब्ब्यावर मारलता."

"मंग निशाना सुधर. भरतीत गोळाफेक आहे."

आता सगळेच हसले, फक्त ऋतिक नाही. तो म्हणाला, "दगड आमी आणलेच नव्हते. शाळेच्या गेटाआड कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगाखाली आधीच ठेवले होते. आमाले फक्त सांगतलं, कुठं आहे ते."

जयाबाई ताडकन उठली. "कोणं सांगतलं? हे ठाण्यात सांगशीन काय?"

"जयाबाई," सर भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "तास सुरू आहे."

जयाबाईला राग आला. असा राग की हातातलं ब्लाउज फेकावं. पण तिनंच तर फाटकाशी उभं राहून म्हटलं होतं, केस वेगळी आणि तास वेगळा. ती खाली बसली. "बरोबर आहे. तासानंतर सांग."

तास संपला. धम्मदीपची इंग्रजीची पाळी झाली. मग ऋतिकनं सांगितलं, आधी थांब्यावर, बापासमोर. आणि ठाण्यात शांतता बैठक झाली तेव्हा दोन्ही पुऱ्यांसमोर उभं राहून पुन्हा सांगितलं: दगड मी मारला, दगड शाळेच्या अध्यक्षाच्या ट्रॅक्टरनं आले. पाटीलपुऱ्याचे लोक त्याला खाली बस म्हणून ओढत होते, तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून पंजाबराव सर उभे होते. अध्यक्ष म्हणाला, पोरगं दबावात आहे. ठाणेदारानं जबाब घेतला. पुढे काय होईल ते कोर्ट जाणे, आणि आपली कोर्टं तुम्हाला माहीत आहेत.

सत्कार झाला. स्टेजवर अध्यक्षाच्या बाजूची खुर्ची रिकामी राहिली. ती झाकायला ऐन वेळी तिच्यावर हारांची टोपली ठेवली, म्हणून ती जास्तच दिसली. बापूजी कडक इस्त्रीचे कपडे घालून थांब्यावर बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःहून सांगत होते, "मी गेलो नाई. पाहून घ्या, मी इथं आहे."

"शालीचं दुःख होते काय बापूजी?" जयाबाईनं मशीनवरून विचारलं.

"गप बस वो."

केस तिनं मागे घेतलेली नाही, घेणारही नाही. लीलाबाई ब्लाउज न्यायला अजून मागच्याच गल्लीनं येते. मंदिराची पायरी धम्मदीपला अजून बंद आहे, विहाराचा उंबरठा सरांना. गावात शांतता झाली असं जो म्हणेल तो खोटं बोलतो. पण पुढच्या मिरवणुकीचा रस्ता कोणता आणि शाळेसमोर आवाज किती, याचं बोलणं सुरू झालं आहे, आणि ते थांब्यावरच सुरू झालं, तास संपल्यावर, एक सर आणि एक धम्मदीप यांच्यात. दुसऱ्या कोणाला समोरच्याचं तोंड पाहायची सवयच उरली नव्हती.

तुमच्या गावातही कधी बहिष्कार पुकारला जाईल. टाका, जोरात टाका, ज्याच्या हातात ट्रॅक्टर आहे त्याच्या खुर्चीवर टाका. खडू तेवढा सोडा. आणि तुम्हाला एखादा विषय धड येत असेल, तर एका रविवारी सकाळी रुईखेडच्या थांब्यावर या. बुद्धिमत्ता चाचणीला आमच्याकडे अजून माणूस नाही.