पीठमास्तरांची दुसरी ओळ

आख्ख्या बेळगावात आमच्या मास्तरांइतका संशयास्पद माणूस दुसरा झाला नाही. कुणाच्याही घरी गेले की ते आधी बसायला दिलेला पाट उलटा करून खालची बाजू बघत, आणि ते उठून गेले की घरातली बाई भांडी मोजून घेई. रस्त्यात थांबून एखाद्याच्या बैलगाडीचं चाक चाचपू लागले की गाडीवान खाली उडी मारत असे. त्यांच्यावर सगळ्यांनीच संशय घेतला, पण त्यात पहिला नंबर माझा. आजही जुने विद्यार्थी भेटले की ‘पीठमास्तर’ म्हणून हसतात आणि ‘शाळेतलं पीठ विकायचे म्हणे’ असं सांगतात. ते खरं नाही. ते कुठून निघालं हे मला ठाऊक आहे, म्हणून लिहितो आहे.

मी सुतारशाळेत मिस्तरी होतो, म्हणजे पोरांना रंधा धरायला शिकवत होतो. मास्तर भाषा आणि इतिहास शिकवायला येत. सुतार-लोहार होणाऱ्या पोरांनाही थोडं शहाणपण असावं, असं वर कुणाला तरी वाटलं होतं. पहिल्या तासाला पोरं ओळीने झोपली. दुसऱ्या तासाला मास्तरांनी पुस्तक मिटलं ते कायमचं. “मिस्तरी, तुमच्या पोरांचे कान हातात आहेत,” ते मला म्हणाले. हा माणूस आता माझी हत्यारं मागणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

मागितलीच. पटाशा घेऊन ते पोरांसह शहापुरातल्या एका जुन्या घरावर गेले आणि म्हाताऱ्या मालकाला म्हणाले, “आजोबा, तुमचं दार जरा काढून बघतो.” म्हातारा काठी घेऊन उंबऱ्यात उभा राहिला. “दिवसाढवळ्या?” त्याने विचारलं. पण चौकटीवरच्या एका खोल खोबणीवर मास्तरांनी बोट ठेवलं आणि म्हातारा काठी विसरला. प्लेगात सगळी माणसं रानात झोपड्या घालून राहिली, तेव्हा चोरांनी पहार घालून दार उचकटलं होतं. त्या दिवसांत कोण गेलं, कोण परत आलं, हे तो संध्याकाळपर्यंत सांगत बसला. पोरांनी दार उतरवलं, बिजागरी सरळ केली, दार परत बसवलं, आणि प्लेगाचा इतिहास त्यांना जन्मभर पुरला. मी मात्र परत आल्यावर पटाशा मोजल्या.

मास्तरांची आणखी एक खोड होती. कुणी काही सांगितलं की ते म्हणत, “ही झाली पहिली ओळ. दुसरी सांगा.” एकदा शिपाई म्हणाला, “मास्तर, चहात माशी पडलीया.”

“ही पहिली ओळ. दुसरी?”

“दुसरी म्हंजे, तुमच्याच चहात पडलीया.”

मग लढाईच्या दिवसांत, धान्यावर कंट्रोल असताना, त्यांनी चार पोरांकडून एक जातं उचलवून शाळेच्या कारखान्यात आणलं. “ओवी पाठ होते तोंडाला, पण कळते खांद्याला,” असं त्यांचं म्हणणं. प्रत्येकाने घरून दळायची जोंधळ्याची पिशवी आणायची, घरातली एक ओवी आणायची आणि ती म्हणत दळायचं. मिशा फुटलेली पोरं आधी खिदळली. दुसऱ्या मुठीला त्यांचा दम संपला. निपाणीकडच्या एका जैनाच्या पोराने आईचं कानडी गाणं धरलं, तर बाकीचे म्हणाले, “ए, हा मराठीचा तास हाय रं.”

“जात्याला विचारा की,” मास्तर म्हणाले. “फिरतंय न्हवं?”

खांदे भरून आले तेव्हा त्यांनी विचारलं, “हे तुमच्या आया रोज करतात. आता जात्याचा खुंटा कसा असावा, बोला.” पोरांनी खुंट्याची उंची बदलली, मूठ गोल केली, आणि घरोघरचे खुंटे नवे झाले. मला फक्त एवढंच दिसलं, की सुतारशाळेत पीठ पडतंय आणि पिशव्यांतून कुठेतरी जातंय.

त्यातच गुंजी गावचा एक पोरगा होता. बेळगावात त्याचं घर नव्हतं, तरी तो कुठूनतरी पिशवी आणि ओवी घेऊन आला. जात्याशी बसून त्याने सूर लावला:

“सुताराच्या गं घरात, खुंटा जात्याचा मोडला…”

सगळी पोरं माझ्याकडे बघून हसली. शाळेत शिकवणारा सुतार एकच होता, मी. ही ओळ मास्तरांनी मला टोमणा मारायला रचली, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. मी ओरडून जातं थांबवलं.

“मिस्तरी, दुसरी ओळ ऐका,” मास्तर म्हणाले.

“एक पुरे झाली,” मी म्हणालो.

लाकडावरही कंट्रोल होता; त्याच आठवड्यात त्याचे साहेब चौकशीला आले होते. मी त्यांना सहज सांगावं तसं सांगितलं, “इथं पीठबी पडतं साहेब. कुठं जातं ते मास्तरांनाच ठाऊक.” सिद्ध काहीच झालं नाही. पण जातं गेलं आणि महिना संपायच्या आत मास्तरही गेले. जाताना माझ्या हातातला रंधा उलटा करून त्यांनी त्याचं पातं बघितलं. “धार चांगली आहे,” म्हणाले, आणि स्टेशनकडे चालू लागले.

त्या संध्याकाळी मी घरी पहिल्यांदाच जात्याकडे नीट बघितलं. खुंटा नवा होता, मूठ गोल.

“हा कुणी बसवला?”

“गुंजीच्या पोरानं,” बायको म्हणाली. “लई दिस झालं. त्याला घर न्हाय म्हणून मास्तरांनी आपल्याकडं धाडलं व्हतं. जोंधळं माझंच होतं, पीठबी मलाच आणून दिलं. ओवीबी मीच सांगितली.”

“मला का नाही बोललीस?”

“तुम्ही कवा इचारलं? तुम्ही नुसतं मोजत व्हता.”

मास्तरांचा पत्ता मी पुढे खूप शोधला. बायकोला दुसरी ओळ विचारायचा धीर मात्र मला लवकर झाला नाही. खूप वर्षांनी, तिचे हात थकले तेव्हा विचारली. तिने खुंट्यावर हात ठेवला, जातं न फिरवताच म्हणाली:

“दारं गावाची घडवून, धनी दमून झोपला.”