हर्मिंदाचं उकळलेलं पाणी

रोसारिओ शहरातल्या एका सरकारी इस्पितळात हर्मिंदा अकरा वर्षं ध्वनिलहरींच्या यंत्रावर काम करत होती. त्या यंत्राच्या टाकीत हवा काढलेलं पाणी लागतं. हवा काढायचा पंप आठ महिने बंद होता; अर्ज वर गेले ते गेलेच. म्हणून ती रोज सकाळी पातेलंभर पाणी उकळायची आणि झाकून, न ढवळता निवू द्यायची.

त्या दिवशी आमान्सिओची पाळी होती. भट्टीवर पाव भाजणारा माणूस, स्वादुपिंडात गाठ. औषध सूक्ष्म कुप्यांत बंद करून शिरेतून सोडायचं, मग बाहेरून आवाजाचा झोत नेमका गाठीवर धरून त्या तिथेच फोडायच्या. औषध थेट गाठीत उतरतं, बाकीचं अंग वाचतं. पण त्याच्यासाठी एकच डोस आला होता.

हर्मिंदा त्याला खाटेवर घेऊन आली, पातेलं टाकीत ओतलं आणि थबकली. काचेला बारीक बुडबुडे चिकटले होते. शेजारी परिचारिका सुई घेऊन उभी.

"थांब गं! सोडू नकोस. पातेल्याला कुणी हात लावला?"

नवे विभागप्रमुख डॉक्टर इतुर्बे तिथेच टीव्हीवरून आलेल्या पाहुण्यांना माते, म्हणजे तिकडचा पानांचा कडवट चहा, पाजत होते. "मी ओतून टाकलं, बाई. उकळलेल्या पाण्याचा माते कुणी पितं का? मेलेलं पाणी! नळाचं ताजं भरून ठेवलंय."

"ते प्यायचं नव्हतं, डॉक्टर! बुडबुड्यांत आवाज विखुरतो. झोत गाठीपर्यंत पोचणार नाही, वर कातडी भाजेल. औषध फुकट जाईल."

"पाणी ते पाणी. टीव्हीवाले थांबलेत, सुरू करा."

हर्मिंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वशिल्याने खुर्ची मिळते, अक्कल मिळत नाही! तिने टाकीचं बूच ओढलं. पाणी भसाभसा वाहून गेलं आणि डॉक्टरांचे चकचकीत बूट भिजले.

"बाई, आज नाही का?" आमान्सिओने हळूच विचारलं.

"आजच. नवं पाणी उकळून निवेपर्यंत थांबायचं."

"मी थांबतो. ह्यांना घाई असेल तर जाऊ दे की!"

पाहुणे गेले. तीन वाजता झोत नेमका गाठीवर बसला.

दुसऱ्या दिवशी तिच्या हातात नोटीस पडली: कामात अडथळा आणल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा. पंपाबद्दल अवाक्षर नाही. हर्मिंदाने कागद उलटा केला, पाठीमागे ठळक अक्षरांत लिहिलं आणि पातेल्यावर चिकटवला: 'माते पिणाऱ्यांनी हात लावू नये. हे पाणी पेशंटचं आहे.'